विषबाधेनंतर घरी आल्यावर: पुढच्या दीड वर्षाचं काम, टप्प्याटप्प्यानं

जाणूनबुजून गोळ्यांचा जास्त डोस घेतलेला माणूस वाचला, आयसीयूतून वॉर्डात आला आणि आता घरी सोडणार आहेत. हा लेख त्याच्या घरच्यांसाठी आहे. सातारा-सांगलीकडच्या घरांत यानंतर काळजी कमी पडत नाही, क्रम चुकतो. आधी देवासमोर शपथ होते, मग पाहुण्यांची रीघ लागते, मग मुलगी असेल तर लग्नाचा विषय निघतो. गोळ्यांचा डबा मात्र फ्रिजवर होता तिथंच असतो आणि फेरतपासणीची तारीख निघून गेलेली असते. खरा क्रम असा: आधी औषधं कुलपात, मग तारखा कागदावर, मग बोलणं. बाकी सगळं त्यानंतर.

आत्ता, या क्षणी कुणी काही घेतलं असेल तर वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालून उलटी काढू नका. रिकामी पाकिटं, बाटली जे सापडेल ते सोबत घ्या. माणूस ठणठणीत दिसत असला तरी दवाखान्यात न्या.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आधी, खाटेजवळच

सगळ्यात मोठी चूक इथं होते: स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज. "पोरगं चहा पितंय, बोलतंय, आता कशाला ठेवायचं?" पॅरासिटामॉलसारख्या रोजच्या गोळीचा जास्त डोस गेला असेल, तर पहिले एक-दोन दिवस माणूस चांगला दिसू शकतो. यकृताची इजा बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरात येते. त्यामुळं सोडायचं की नाही हे चहावर ठरत नाही. आयएनआर (रक्त गोठण्याचा), एसजीपीटी (यकृताचा), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा) हे रक्ततपासणीतले आकडे उतरणीला लागलेत का, हे डॉक्टरांना विचारा.

खरी अडचण पैशाची असेल तर तसं स्पष्ट सांगा, लाजू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा फोन १५५३८८. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना गाठा. हलवायचंच असेल तर साताऱ्याचं सिव्हिल, सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे. पण रेफर चिठ्ठी घेऊन आणि अँब्युलन्सनं, भावकीतल्या कुणाच्या गाडीत मागं झोपवून नाही.

दुसरी चूक कागदावरची. पोलिसांच्या धास्तीनं "चुकून घेतल्या", "डोकं दुखत होतं म्हणून घेतल्या" असं लिहून घेतलं जातं. मग मानसोपचार तज्ज्ञांना बोलावलंच जात नाही आणि अर्धा उपचार तिथंच गळतो. विषबाधेची केस मेडिको-लीगल होते, म्हणजे रुग्णालय पोलिसांना कळवतं आणि पोलीस जबाब घेतात. ती ठरलेली पद्धत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं. वेगळं सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी त्याच कलमानं सरकारवर टाकली आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्याला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा धरला जातो. म्हणून डॉक्टरांना खरं सांगा.

माणूस पूर्ण शुद्धीवर आल्यावर मानसोपचार तज्ज्ञांची एक भेट झाल्याशिवाय घरी नेऊ नका. डॉक्टर विसरले तर तुम्ही मागा.

तपासा. डिस्चार्ज कार्ड काउंटरवर उभ्या उभ्या वाचा. त्यात हे हवं: कोणतं औषध गेलं होतं, रक्ताचे सगळ्यात बिघडलेले आणि शेवटचे आकडे, व्हेंटिलेटर लागला का आणि किती दिवस, ईसीजी, जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद आणि कोणत्या चालू, पुढची तारीख. "फॉलोअप ओपीडीत" एवढंच लिहिलं असेल तर ती तारीख नव्हे. वार आणि तारीख लिहून घ्या.

## टप्पा २: माणूस घरी पोचण्याआधी घर आवरा

हे काम डिस्चार्जच्या आदल्या दिवशी एकानं करायचं. रुग्णासमोर नाही.

गावातल्या घरात गोळ्या एका जागी कधीच नसतात. आजोबांच्या बीपी-शुगरच्या खिडकीत, आजीच्या झोपेच्या उशाखाली, गुडघेदुखीच्या शिलाई मशीनच्या खणात, जनावरांची औषधं गोठ्याच्या वळचणीला. सगळ्या खोल्या फिरा, पर्सेस आणि गाडीची डिकी बघा. लागणाऱ्या गोळ्या कुलपाच्या पेटीत ठेवा, मुदत संपलेल्या आणि नको असलेल्या घराबाहेर काढा. उकिरड्यावर टाकू नका. त्यांचं काय करायचं ते केमिस्टला किंवा दवाखान्यात विचारा.

इथं बहुतेकजण लपवण्यावर भागवतात. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. पिठाच्या डब्यामागं ठेवलेली पिशवी त्या घरात वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईपासून लपत नसते. तिला प्रत्येक डबा आवाजावरून ओळखू येतो. आकड्याचं कुलूप असलेली पत्र्याची पेटी घ्या, आकडा एकालाच माहीत हवा.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळचा द्राक्षपट्टा असो की कराड-वाळव्याचा ऊसपट्टा, शेडमध्ये फवारणीची औषधं असतातच. गोळ्यांच्या नादात ती विसरू नका. ती राहत्या घरातून आणि शेडमधून हलवून दुसऱ्याच्या वस्तीवर कुलपात ठेवा. छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की रोज लागतील तेवढीच आणायची, उरलेली परत. गैरसोय होते, मान्य. पण मरावंसं वाटण्याची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताला काही लागलं नाही तर ती ओसरायला वाव मिळतो. सगळ्या टप्प्यांतला एकच धरायचा म्हटलं तर मी हा धरेन.

नवीन गोळ्या आठवड्याच्याच आणा. केमिस्ट महिन्याची पट्टी पुढं करेल, तरी सात दिवसांच्याच मागा. डॉक्टरांनाही तसं लिहायला सांगा.

रुग्णानं विचारलं तर खोटं बोलू नका. "तुझ्यावर भरवसा नाही" असंही म्हणू नका. "काही महिने सगळ्यांच्याच गोळ्या कुलपात राहतील, डॉक्टरांनी सांगितलंय," एवढं पुरतं.

## टप्पा ३: शरीराची फाईल

एक फाईल करा आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. कुठल्या अवयवाकडं बघायचं हे काय गेलं होतं आणि किती वेळ बेशुद्धी होती यावर ठरतं. त्यामुळं खालचं सगळंच सगळ्यांना लागू नाही.

यकृत. पॅरासिटामॉलच्या इजेतून वाचलेल्यांचं यकृत बहुतेक वेळा पूर्ववत होतं; ती जन्माची व्याधी होऊन बसत नाही. मात्र आकडे नॉर्मल येईपर्यंत डॉक्टर सांगतील त्या तारखांना रक्त द्यायचं, दारू पूर्ण बंद, आणि ताप-अंगदुखीची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. डोळे पिवळे दिसले की आपल्याकडं काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं पळतात. ही चूक महागात पडते. दुखावलेल्या यकृतावर काय घटक आहेत हे माहीत नसलेला काढा ओतायचा नाही.

मूत्रपिंड, स्नायू, नसा. माणूस बराच वेळ एकाच कुशीवर बेशुद्ध पडला असेल तर दाबाखालचे स्नायू मरतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. लघवी चहासारखी गडद किंवा कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, मनगट लोंबतं, असं दिसलं तर नस दबलेली असू शकते. फिजिओथेरपी लवकर सुरू करा. "अशक्तपणा आहे, जाईल" म्हणून महिना घालवू नका.

फुप्फुस आणि घसा. बेशुद्धीत उलटी फुप्फुसात गेली असेल तर घरी आल्यावरही ताप, खोकला, धाप लागू शकते. व्हेंटिलेटरची नळी होती त्यांचा आवाज काही दिवस बसतो. पण काही आठवड्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर तो दमा समजून पंपावर भागवू नका. श्वासनलिका अरुंद झालेली असू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं लगेच जा, धाप वाढत असेल तर थेट कॅज्युअल्टीत.

मेंदू. ऑक्सिजन कमी पडला असेल किंवा साखर फार उतरली असेल, तर विसराळूपणा, चिडचिड, हिशेब न जमणं हे आठवडे-महिने राहू शकतं. घरच्यांना ते नाटक वाटतं. ते नाटक नसतं. स्मरणशक्तीची तपासणी मागून घ्या, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी बंद.

हृदय. काही औषधांनी ठोके बिघडतात. मनाची नवीन गोळी सुरू करण्याआधी शेवटचा ईसीजी मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा.

गोळ्यांऐवजी किंवा गोळ्यांबरोबर फवारणीचं औषध गेलं असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा: दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्या दुखणं, पायांना मुंग्या, पाय लटके पडणं. हे उशिरा दिसतं, म्हणून त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

सावधान. झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय असेल तर त्या एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायच्या असतात.

## टप्पा ४: मनाची फाईल

मानसोपचाराची पहिली ओपीडी सात दिवसांच्या आत. घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे, मग पहिले तीन महिने, हा सगळ्यात धोक्याचा काळ असतो आणि नेमका त्याच काळात "आता बरी आहे की" म्हणून तारीख चुकवली जाते.

सोबत कोण जाणार हे आधी ठरवा. पाटण-जावळीकडच्या कितीतरी घरांत कर्ता पुरुष मुंबईत माथाडीत असतो. आटपाडी-खानापूरचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, तर पार परराज्यात. "ते आले की जाऊ" यात महिना जातो. गावात आहे त्याला नेमा: दीर, आई, मैत्रीण, कुणीही चालेल, पण एकच. जतहून दर वेळी मिरजेला येणं जमत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की कोणती भेट प्रत्यक्ष हवी आणि कोणती फोनवर चालेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या तालुक्याला कुठल्या वारी येतं, हे ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडून कळतं. मधल्या काळात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी घरात सगळ्यांना माहीत हव्यात. उदासीच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडायची नाही. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी, झोप उडणं वाढलं, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. आणि बरं वाटायला लागल्यावरही गोळी सहसा सहा महिने किंवा जास्त चालते. "सवय लागेल" ही भीती उदासीच्या गोळ्यांना लागू नाही, पण त्या एकदम तोडल्या तर त्रास होतो.

डॉक्टर बदलत फिरू नका. मिरज, मग कोल्हापूर, मग पुणे अशी वारी झाली की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो आणि घरात पट्ट्यांचा ढीग होतो, जो टप्पा २ मध्ये आपण नुकताच काढला. दारूचा प्रश्न असेल तर तोही याच डॉक्टरांपुढं ठेवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत फोन आहे.

"बाहेरचं आहे" म्हणणारे भेटतीलच. देवाला जायचं तर जा, त्यात काही बिघडत नाही. गोळी आणि तारीख चुकवून जायचं नाही. उपाशी ठेवणं, मारणं, कोंडणं, धूर देणं असलं काही कुणी सुचवलं तर तिथून उठून या.

## टप्पा ५: बोलायचं कसं

विषय काढला तर पुन्हा डोक्यात येईल, हा समज चुकीचा आहे. सरळ विचारल्यानं विचार पेरला जात नाही. बहुतेकांना विचारलं गेल्याचं हायसंच वाटतं. न विचारण्यानं मात्र माणूस एकटा पडतो.

असं विचारा: "ताई, मरावंसं वाटतंय का अजून? आज आलं होतं का मनात?" उत्तर "हो" आलं तर ओरडू नका, रडारड करू नका. "किती वेळ राहतं? कशानं वाढतं? काही ठरवलंयस का?" ठरवलंय म्हटलं तर एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना फोन आणि त्याच दिवशी दवाखाना.

हे टाळा: "आईची शपथ घे, परत असं करणार नाहीस." शपथेनं कुणी थांबल्याचा पुरावा नाही. शपथ घेतलेल्या माणसाला पुढं वाईट वाटलं तर सांगायची सोय तेवढी राहत नाही. "आमच्या तोंडाला काळं फासलंस", "पोरांचा तरी विचार करायचास" हेही नको. लग्न, मूल, माहेरी कायमचं पाठवणं हे उपचार नव्हेत. आणि नवऱ्याची किंवा सासरची मारहाण हेच कारण असेल तर बाईला परत त्याच घरात "समजूत घालून" सोडणं म्हणजे टप्पा १ ते ४ वाया घालवणं.

पाहुण्यांना एकच वाक्य ठरवा, सगळ्यांनी तेच सांगायचं: "औषधाची विषबाधा झाली होती, आता बरी आहे, विश्रांती सांगितलीय." घरातल्या लहान मुलांनाही वयाप्रमाणे खरं सांगा, नाहीतर ती कारण स्वतःत शोधतात.

आता एक कागद घ्या. हा कागद रुग्णानं स्वतः लिहायचा, समुपदेशकासोबत बसून लिहिला तर उत्तम. त्यावर या क्रमानं:

१. बिनसायला लागलं की आधी काय होतं (उदा. दोन रात्री झोप नाही, फोन उचलावासा वाटत नाही).
२. तेव्हा एकट्यानं काय करून बघता येतं (आंघोळ, वस्तीपर्यंत चालत जाणं, रेडिओ).
३. विषय न काढताही कुणाच्या सोबत, कुठं जाऊन बसता येतं.
४. मदत मागायची ती माणसं, नंबरासकट. एक नाही, किमान दोन.
५. डॉक्टर, १४४१६, १०८.
६. घरातलं काय काय कुलपात आहे आणि आकडा कुणाकडं आहे.

तपासा. "देवाचं नाव घेईन, सकारात्मक विचार करेन" एवढंच लिहिलेलं असेल तर कागद अजून झालेला नाही. रात्री दोन वाजता वाचून पाळता येईल इतकं नेमकं हवं. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, दिवाणखान्यात नाही.

## टप्पा ६: दीड वर्षाचं कॅलेंडर

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, त्यात आपल्याकडं चेन्नईत, एक साधी पद्धत वापरून पाहिली. रुग्णालयातून जाण्याआधी तासभर बोलणं आणि मग १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले: असा संपर्क ठेवलेल्यांत आत्महत्येनं झालेले मृत्यू कमी होते. त्यात भेटीच्या वेळा होत्या १, २, ४, ७ आणि ११ वा आठवडा, मग ४, ६, १२ आणि १८ वा महिना. तिथं हे काम प्रशिक्षित माणसं करत होती. आपल्याकडं दवाखान्यातून फोन येईलच असं नाही. आला तर उत्तम. नाहीतर घराबाहेरचं एक समंजस माणूस नेमा. मामा, शाळेतल्या बाई, जुनी मैत्रीण. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नऊ तारखांना फक्त टिकली काढा, कारण लिहू नका.

फोनवर बोलायचं काय? "जेवलीस का" इथून सुरू करा, पण तिथंच थांबू नका. झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, पुढची तारीख कधी, आणि टप्पा ५ मधला तो सरळ प्रश्न. दहा मिनिटं पुरतात. उचललं नाही तर त्याच संध्याकाळी कुणाला तरी घरी पाठवा.

या नऊ तारखा डॉक्टरांच्या भेटींशिवायच्या आहेत, त्यांच्या बदल्यात नाहीत.

सोबत बसणाऱ्यांच्याही पाळ्या लावा. एकट्या आईनं महिनाभर जागून काढलं तर दुसऱ्या महिन्यात तीच ओपीडीत असते.

## टप्पा ७: काम, कॉलेज, विमा

कामावर एकदम पूर्ण दिवस नको. अर्ध्या दिवसानं सुरुवात, रात्रपाळी टाळा. झोप मोडली की सगळं मोडतं. दाखल्यावर आजाराचं तपशीलवार नाव लागत नाही. "वैद्यकीय कारणास्तव उपचार" असं लिहून मागा. मानसिक उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. संमतीशिवाय फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायलाही त्यात मनाई आहे, तेव्हा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव फिरवणाऱ्याला घरच्यांनीच आधी गप्प करावं.

विमा असेल तर पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. स्वतःहून केलेल्या इजेचा खर्च तिथं अडू शकतो. मानसिक आजाराच्या उपचाराला मात्र शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं बंधन कायद्यानं कंपन्यांवर आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या. क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या.

कर्ज, शेतीचा वाद, परीक्षेचा निकाल यातलं जे काही मुळाशी असेल त्यातली एक तरी गाठ पहिल्या तीन महिन्यांत सैल करा. सोसायटीत जाऊन हप्त्याची मुदत विचारून येणं हाही उपचाराचाच भाग आहे.

## टप्पा ८: गोळ्या कमी करताना

गोळ्या कधी कमी करायच्या हे डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी वेळ सांभाळायची. परीक्षा, बाळंतपण, द्राक्षाचा हंगाम, त्या घटनेच्या वर्षपूर्तीचा आठवडा अशा दिवसांत डोस कमी करायला सुरुवात नको. तारीख पुढं ढकलायला सांगा. डोस उतरला की दोन आठवडे झोपेची वही ठेवा. सलग तीन रात्री झोप नाही असं दिसलं तर टप्पा ५ चा कागद काढा आणि ओपीडी गाठा.

मध्येच पुन्हा घसरलं, पुन्हा वॉर्डात जावं लागलं, तर सगळं फुकट गेलं असं नाही. जुनी फाईल घेऊन जा आणि टप्पा १ पासून सुरू करा. या वेळी कोणती गोळी लागू पडली होती, कोणती नाही, हे पहिल्याच दिवशी सांगता येतं.

पेटीचं कुलूप १८ महिन्यांनीही काढायची घाई नको. आजोबांच्या शुगरच्या गोळ्या तशाही नातवंडांपासून दूरच बऱ्या.